वाचकांचे प्रश्न : वारुळावरची छत्री आणि इतर

मागील अंकात तोरणमाळच्या वाटेवर दिसलेल्या एका अळंबीविषयी मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच प्रश्न आहे, तो म्हणजे ‘आमच्याकडची अळंबी खाता येते का?’ पत्रातील वर्णनावरून किंवा सोबत जोडलेल्या छायाचित्रावरून या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही, आणि जो देईल त्याच्यावर आपणही विश्वास ठेवू नये. उरलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमची शाळा सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. पाऊस सुरू झाला की मुले तऱ्हेतऱ्हेच्या छत्र्या उपटून वर्गात आणतात आणि ‘बाई, ही कोणती?’ असे विचारतात. ‘कुत्र्याची छत्री’ यापलीकडे मला नाव सांगता येत नाही. ओळखायला सुरुवात कशी करावी?
– एक शिक्षिका, शहादा तालुका

उत्तर : आपल्या पत्रातील ‘उपटून’ या शब्दापासूनच सुरुवात करतो. छत्री उपटली की तिची ओळख पटविणारी निम्मी माहिती जमिनीत राहून जाते. दांड्याच्या तळाशी कांद्यासारखी गाठ आहे का, तळाभोवती फाटक्या पिशवीसारखे आवरण आहे का, की दांडा मुळासारखा निमुळता होत खोल गेला आहे, हे पाहायचे असेल तर खुरप्याने भोवतालच्या मातीसकट ती हळूच उचलावी लागते. जगातील काही अत्यंत घातक अळंब्या ज्या अमॅनिटा प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) येतात, त्या प्रजातीची मोठी खूण असलेली ही पिशवी नेमकी मातीखाली दडलेली असते. उचलण्यापूर्वी ती कशावर उगवली होती, म्हणजे शेणावर, कुजक्या लाकडावर, उघड्या जमिनीवर की वारुळावर, आणि जवळ कोणते झाड होते, हे तेथेच उभे राहून वहीत लिहावे. घरी येऊन आठवून लिहिलेल्या माझ्या नोंदी इतक्यांदा चुकल्या आहेत, की आता मी पावसात भिजत का होईना, पण जागेवरच लिहितो.

यानंतर छत्र उलटे करून पाहावे. खाली पापुद्र्यांसारख्या उभ्या पट्ट्या दिसतात, त्यांना कल्ले म्हणतात. काहींना कल्ल्यांऐवजी सुईच्या टोकाएवढी छिद्रे असतात आणि त्यांचा गटच वेगळा असतो. कल्ले दांड्याला चिकटलेले आहेत की त्याच्यापासून सुटे आहेत, दांड्यावर बांगडीसारखे कडे आहे का, आणि ते वरखाली सरकते का, हे पाहावे. मग छत्री उभी चिरून गराचा रंग बदलतो का ते पाहावे व वास घ्यावा. हाताळल्याने विषबाधा होत नाही, त्यामुळे मुलांना घाबरवू नये. मात्र चव घेऊ देऊ नये आणि नंतर सर्वांचे हात धुवावेत.

एवढे झाले तरी नाव मिळण्याची घाई करू नये, कारण सर्वांत बोलका पुरावा रात्रभर वाट पाहिल्यावर मिळतो. तो म्हणजे बीजाणूंचा, अर्थात अळंबीच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांचा, ठसा. पूर्ण उमललेल्या छत्रीचा दांडा छत्राला लागून कापावा, छत्र कल्ले खाली करून कागदावर ठेवावे आणि वर एक वाटी उपडी घालावी. कागद अर्धा पांढरा व अर्धा काळा असावा, कारण पांढऱ्या बीजाणूंचा ठसा पांढऱ्या कागदावर दिसतच नाही. सकाळी छत्र उचलले की कल्ल्यांची नक्षी रांगोळीसारखी कागदावर उतरलेली असते, आणि तिचा रंग पांढरा, गुलाबी, गंजासारखा तपकिरी, चॉकलेटी किंवा काळा असू शकतो. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ एलियास फ्रीस यांनी १८२१ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कल्ल्यांच्या अळंब्यांची विभागणी करताना बीजाणूंच्या या रंगाचा आधार घेतला होता. त्यांनी केलेले गट पुढे पुष्कळ मोडले आणि नव्याने बांधले गेले, पण ठसा घेण्याची पायरी अजून कोणी वगळलेली नाही.

ती वगळल्यामुळे माझी झालेली फजिती सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या हिरवळीवर ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या गोलाकार मंडळ धरून उगवल्या होत्या. छत्रावर तपकिरी खवले, कल्ले पांढरेशुभ्र व सुटे, दांड्यावर सरकणारे कडे, अशी सारी लक्षणे पाहून मी विद्यार्थ्यांसमोर ठसठशीत आवाजात एका निरुपद्रवी प्रजातीचे नाव सांगितले आणि नमुन्याला चिठ्ठीही बांधली. तेथील पहारेकरी ते ऐकत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत वाटी उचलली तर कागदावर मळकट हिरवा ठसा होता. हिरवा ठसा देणाऱ्या अळंब्यांच्या जाती फार थोड्या, आणि हिरवळीवर तो मिळाला तर ती क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस असण्याचीच शक्यता मोठी. तिचे कल्ले कोवळेपणी पांढरे असतात आणि वय झाल्यावर हिरवट होतात. ती खाल्ल्यास एक ते तीन तासांत जबर उलट्या व जुलाब सुरू होतात, आणि उष्ण प्रदेशांत विषबाधेच्या अनेक घटनांना तीच कारण ठरते. मी धावतच पहारेकऱ्याची खोली गाठली. त्याने घरी न्यायला पिशवी भरून ठेवली होती, पण सुदैवाने त्याची पाळी सकाळी संपायची होती. त्या दिवसापासून ठसा हाती येईपर्यंत मी कोणत्याही छत्रीचे नाव मोठ्याने घेत नाही.

ठशाच्या पुढे सूक्ष्मदर्शक येतो. बीजाणूंचा आकार, त्यांच्यावरील काटे किंवा जाळी, आयोडीनयुक्त द्रावणात ते निळे पडतात का, हे तेथे कळते. तरीही शंका उरली तर जनुकीय तपासणी करतात. डीएनएमधील आयटीएस नावाचा भाग बुरशींच्या (अळंबी ही बुरशीच) ओळखीसाठी २०१२ मध्ये सर्वमान्य झाला. शाळेत याची गरज नाही. मुलांना वही, भिंग, खुरपे आणि वाटी द्यावी. नाव कळले नाही तर त्या नमुन्याला क्रमांक द्यावा. माझ्या स्वतःच्या संग्रहात निव्वळ क्रमांकावर जगणारे कितीतरी नमुने आहेत.

प्रश्न : आमच्या बांधावर जुने वारूळ आहे. दर श्रावणात, कानबाईच्या सणाच्या सुमारास, त्याच्याभोवती टोकदार छत्र्या येतात. दांडा ओढला तर खाली लांबच लांब मुळी निघते. माझी आजी त्यांची भाजी करीत असे. त्या वारुळापाशीच का उगवतात? बियाणे मिळाल्यास शेड टाकून लावता येतील का?
– एक शेतकरी, साक्री तालुका

उत्तर : आपण ‘लांबच लांब मुळी’ लिहिले म्हणून मी हे पत्र दोनदा वाचले, कारण ज्या अळंबीवर माझा सर्वाधिक जीव आहे तिचेच हे वर्णन दिसते. टर्मिटोमायसेस ही ती प्रजाती. फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे एम यांनी १९४२ मध्ये तिला हे नाव दिले आणि नावातच तिचा वाळवीशी (इंग्रजीत टर्माइट) असलेला संबंध आहे.

वारूळ आपण नागाचे मानतो, परंतु ते बांधते वाळवी. वारुळाच्या पोटात वाळवीने एक शेत केलेले असते, असे म्हटले तर आपल्याला ते चटकन पटेल. कामकरी वाळवी वाळलेले लाकूड, गवत आणि पालापाचोळा खाऊन आत आणते. पण त्यातील कठीण तंतू तिला एकटीला नीट पचत नाहीत. म्हणून ती अर्धवट पचलेल्या विष्ठेचे गोळे रचून स्पंजासारखे सच्छिद्र, करड्या रंगाचे पोळे तयार करते आणि त्यावर ही बुरशी वाढते. बुरशी ते तंतू फोडून मऊ करते. त्या पोळ्यावर खसखशीच्या दाण्यांसारख्या पांढऱ्या गाठी धरतात. त्या गाठी आणि जुने झालेले पोळे हेच वाळवीचे अन्न होते. बुरशीला आयते खाद्य, ओलावा व सांभाळ मिळतो आणि वाळवीला पचलेले जेवण. ही भागीदारी आफ्रिकेत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली असावी असे अभ्यासक मानतात. तेव्हा माणसाने शेती शोधली असे आपण म्हणतो, त्यात थोडी दुरुस्ती करायला हरकत नाही.

पाऊस पुरेसा मुरला की ही बुरशी पोळ्यापासून वर दांडा पाठवते. वाटेत घट्ट मातीचा थर असतो, आणि म्हणून छत्राच्या मध्यावर कठीण, टोकदार उंचवटा असतो, जो माती फोडण्याच्या कामी येतो. आपण ओढून काढता ती मुळी म्हणजे पोळ्यापासून पृष्ठभागापर्यंतचा दांड्याचाच भाग आहे. पोळे जितके खोल, तितकी ती लांब. याच प्रजातीतील एका जातीचे छत्र झांबियात एक मीटरपर्यंत रुंद वाढते, तर दुसरी एक जाती, टर्मिटोमायसेस मायक्रोकार्पस, नखाएवढी असते. वाळवीने पोळ्यांचा जुना चुरा बाहेर आणून टाकला की या छोट्या छत्र्या शेकड्यांनी जमिनीवर पसरतात आणि त्यांना लांब मुळी नसते.

आता लागवडीविषयी. ही बुरशी प्रयोगशाळेत काचपात्रात वाढविता येते, पण वाळवीवाचून तिला भरवशाने छत्र्या धरवून व्यापारी लागवड करणे अद्याप साधलेले नाही. त्यामुळे तिचे बियाणे म्हणून कोणी काही विकत असेल तर घेऊ नये. वारूळ खणून पोळे शेडमध्ये नेण्याचा विचारही सोडावा, कारण पोळे उघडे पडले की वाळवी जाते आणि आपल्या आजीच्या वेळेपासून चालत आलेले हे पीक कायमचे थांबते. शेडच टाकायची असेल तर धिंगरी अळंबी घ्यावी. ती गव्हाच्या भुशावर, कपाशीच्या पऱ्हाटीच्या तुकड्यांवर, केळीच्या वाळलेल्या पानांवरही येते आणि तिला साधारण २० ते ३० अंश तापमान व भरपूर ओलावा लागतो. आपल्या भागात त्यामुळे चैत्र-वैशाख सोडून द्यावा हे बरे.

आजीच्या ज्ञानाविषयी माझ्या मनात आदर आहे. मात्र ती ओळख त्या बांधाची, त्या वारुळाची व त्या पंधरवड्याची होती, हे लक्षात घ्यावे. तशीच दिसणारी छत्री दुसऱ्या शेतात, मुळीवाचून, भाद्रपदाच्या शेवटी आली तर ती आजीच्या ओळखीची नव्हे.

प्रश्न : आमच्या सासूबाई अळंबी शिजवताना त्यात चांदीची अंगठी टाकतात. ती काळी पडली नाही, तर अळंबी चांगली. लसणाच्या पाकळीचेही तसेच. शिवाय किड्यांनी खाल्लेली अळंबी विषारी नसते असे त्या म्हणतात. हे खरे आहे का?
– एक गृहिणी, जळगाव

उत्तर : यातील एकही गोष्ट खरी नाही, आणि हे सासूबाईंना माझ्या नावाने सांगावे म्हणजे आपल्याला बोल लागणार नाही. चांदी गंधकाच्या काही संयुगांनी काळवंडते. उकडलेल्या अंड्यानेही ती काळी पडते, आणि अंडे काही विषारी नाही. घातक अळंब्यांतील अमॅटॉक्सिन हे विष चांदीवर वा लसणावर कोणतीही खूण उमटवत नाही. गोगलगाई आणि अळ्या या अळंब्या खुशाल खातात. शिजविल्याने, वाळविल्याने किंवा उकळीचे पाणी टाकून दिल्याने हे विष जात नाही.

या विषाची चाल फसवी आहे. खाल्ल्यावर साधारण सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. नंतर उलट्या व जुलाब होतात आणि पुढे दिवसभर बरे वाटू लागल्याचा भास होतो. त्याच काळात यकृताच्या पेशी मरत असतात, आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास यकृत निकामी होऊ शकते. म्हणून अळंबी खाल्ल्यावर उशिराने त्रास सुरू झाला, तर तो अधिक गंभीर समजून, ‘आता उतार आहे’ या भरवशावर न राहता तत्काळ मोठ्या रुग्णालयात जावे. ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सर्वांना न्यावे. उरलेली अळंबी किंवा भाजी सोबत न्यावी. कच्ची अळंबी कागदात गुंडाळावी, प्लॅस्टिकमध्ये ती घाम सुटून सडते आणि तिचा पुरावा नाहीसा होतो.

प्रश्न : बुरशीचा अभ्यास करायचा तर कोकणात किंवा भीमाशंकरला जावे, असे आमचे वर्गमित्र म्हणतात. खान्देशासारख्या कोरड्या मुलखात काय सापडणार? आणि शास्त्रज्ञाला या विषयात इतका उत्साह कशाचा वाटतो?
– विज्ञान शाखेचा एक विद्यार्थी, धुळे

उत्तर : तुमच्या मित्रांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. भीमाशंकरच्या रानात पावसाळी रात्री बुरशीमुळे उजळणारे लाकूड तुम्हाला इकडे सहसा दिसणार नाही, आणि छत्तीसगडच्या साल वनांत ज्या अळंब्या लोक पाट्या भरभरून वेचतात त्यांतील पुष्कळ येथे नाहीत. याचे कारण केवळ पाऊस नव्हे. अनेक मोठ्या अळंब्या साल, ओक, पाइन अशा ठरावीक झाडांच्या मुळांभोवती वेष्टन करून जगतात. आपला सातपुडा सागाचा, आणि सागाच्या मुळांत राहणारी बुरशी वेगळ्या जातकुळीची; तिला छत्री येत नाही. म्हणजे एखाद्या डोंगरात कोणती अळंबी ‘नाही’ हे पाहिले तरी त्या जंगलाविषयी बरेच कळते. मला ही गोष्ट समजायला नोकरीची दहा वर्षे लागली.

आता जे आहे ते पाहू. म्हशीचे ताजे शेण एका बरणीत घालून खिडकीत ठेवावे. काही दिवसांत त्यावर काचेच्या टाचण्यांसारखी पायलोबोलस ही बुरशी उभी राहण्याची चांगली शक्यता असते. ती प्रकाशाच्या दिशेने आपली बीजाणूंची काळी टोपी दोन मीटरपर्यंत फेकते. उकिरड्यावर सकाळी उगवलेली नाजूक करडी छत्री दुपारी काळ्या शाईचे थेंब होऊन गळते. एके काळी त्या द्रवाची खरोखरच शाई करीत. बाभळीच्या किंवा आंब्याच्या वाळक्या फांदीवर पांढुरक्या, केसाळ, पंख्यासारख्या छोट्या छत्र्या दिसतात. ही शिझोफायलम कम्यून. तिचे कल्ले मधोमध चिरलेले असतात आणि उन्हाळ्यात ते गुंडाळून मिटतात. ओल्या कापसावर ठेवले की काही तासांत पुन्हा उलगडतात. तिच्यात नर-मादी अशा दोनऐवजी जोडी जुळण्याचे २३ हजारांहून अधिक प्रकार आहेत, ही माहिती मी वर्गात सांगितली की मागच्या बाकावरची कुजबुज हमखास थांबे. आणि छत्रीवाचूनही बुरशी असते हे विसरू नये. ज्वारीवरची काणी आणि गव्हावरचा तांबेरा हे छत्रीवाल्या अळंब्यांचेच दूरचे भाऊबंद आहेत. आपल्या देशात बुरशीशास्त्राचा पाया घातला गेला तो मुळात पिकांच्या रोगांपायी. बिहारमधील पुसा येथे काम करणाऱ्या एडविन बटलर यांचा या विषयावरील ग्रंथ १९१८ मध्ये निघाला. काणीने काळी झालेली कणसे पाहणारा आपला शेतकरी बुरशीला छत्रीच्या आधी ओळखतो.

उत्साहाचे कारण विचारता, तर मी तुम्हाला एक आकडा देतो. जगात बुरशींच्या २२ ते ३८ लाख जाती असाव्यात असा अंदाज २०१७ मध्ये मांडला गेला, आणि आजवर नाव मिळाले आहे ते सुमारे दीड लाखांना. पक्षी पाहणाऱ्याला आपल्या गावात नावच नसलेला पक्षी सापडण्याची आशा नसते. बुरशी पाहणाऱ्याला ती दर पावसाळ्यात असते. अर्थात ‘हिला नाव नाही’ असे म्हणण्यापूर्वी आधीच्या सर्व नावांशी ताडून पाहावे लागते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत जिवंत बुरशी वाढवून जपणारा राष्ट्रीय संग्रह आहे व बुरशीशास्त्रज्ञ आजरेकरांच्या नावाचा वाळविलेल्या नमुन्यांचा संग्रहही आहे. अशा ठिकाणी दिवसेंदिवस बसून केलेली तुलना बहुधा आपला शोध जुनाच ठरवते. त्याचेही मला वाईट वाटत नाही, कारण शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी हीच छत्री हातात धरून असाच गोंधळला होता, हे त्याच्या टिपणांतून कळते.

तुम्ही पाल, पाटणादेवी किंवा तोरणमाळ, यांपैकी जे जवळ वाटेल तेथून सुरुवात करा. अभयारण्यात नमुने गोळा करण्यास वनविभागाची परवानगी लागते; ती नसेल तर पाहावे, लिहावे, चित्र काढावे. मोसम छोटा असतो, आषाढ ते भाद्रपद, आणि मध्ये पंधरा दिवस उघडीप पडली की सारे आटोपते. म्हणून पावसाळ्यात आमच्या शीतकपाटातील एक कप्पा कागदी पुड्यांसाठी राखीव असतो. त्यावरून घरात जे बोलले जाते ते येथे छापण्याजोगे नाही.

प्रश्न : केळीचे कापलेले खांब बांधावर टाकले आहेत. त्यांवर करड्या छत्र्या आल्या आहेत. उभ्या बागेला धोका आहे का? फवारणी करावी का?
– एक केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : धोका नाही व फवारणी करू नये. मेलेले खांब कुजवून त्यांचे खत करणारी ही बुरशी आहे. करपा पानांवर येतो आणि मर रोगाची फ्युजॅरियम बुरशी मातीतून मुळांत शिरून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबवते. त्या दोन्ही वेगळ्या आहेत आणि त्यांना छत्री नसते. रोगट झाडाचे खांब मात्र त्या ढिगात टाकू नयेत.

प्रश्न : मोबाइलमधील एका अॅपने आमच्या परसातील अळंबीचे नाव सांगितले, दुसऱ्या अॅपने दुसरेच. सोबत छायाचित्र पाठवीत आहे. कोणते बरोबर?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : छायाचित्र वरून घेतलेले आहे. त्यात कल्ले दिसत नाहीत, दांड्याचा तळ दिसत नाही आणि वासाचा तर प्रश्नच नाही. दोन्ही अॅपांना तेवढेच दिसले, म्हणून दोघांनी दोन अंदाज केले. माझा तिसरा होईल. पुन्हा उगवल्यास तीन छायाचित्रे घ्यावीत : जागेवरचे, उलट्या छत्राचे आणि मातीसकट उचललेल्या तळाचे. शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवावे. रात्रभर घेतलेला ठसा पाकिटातून पाठविताना कागदाची घडी घालू नये आणि वर एक पातळ कोरा कागद टाचावा. मागच्या महिन्यात आलेल्या दोन ठशांचे बीजाणू टपालातच पुसले गेले आणि मला कागदावर फक्त बोटांचे ठसे मिळाले.